माल वापरून संपला आणि सात महिन्यांनी तक्रार आली

इंदूरच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात ते आणि त्यांचे थोरले बंधू पुठ्ठ्याचे खोके तयार करण्याचा कारखाना चालवतात. वडिलांच्या पश्चात दोघा भावांनी मुद्रांक कागदावर नवा भागीदारी करार केला, परंतु फर्मची नोंदणी केली नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद, २०२१ पासून आहे. मुंबईतील एका खाद्यपदार्थ कंपनीला त्यांनी नऊ खेपांमध्ये माल पुरवला, आणि त्यापैकी १८ लाख ६० हजार रुपये येणे आहे. कंपनीच्या खरेदी आदेशावर तीन अटी छापलेल्या होत्या : माल पोहोचल्यापासून ३० दिवसांत पैसे, उशीर झाल्यास उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के दंड, वाद झाल्यास मुंबईचे न्यायालय. चार खेपा, मिळून सुमारे आठ लाखांच्या, दोन ते तीन आठवडे उशिरा गेल्या. माल घेताना कोणी काही बोलले नाही. तगादा सुरू झाल्यावर कंपनीने खात्यापोटी तीन लाखांचा धनादेश दिला, तो दहा दिवसांपूर्वी न वटता परत आला. त्यानंतर ईमेल आला की खोके कमी ताकदीचे होते म्हणून पाच लाख आणि उशिरापोटी १ लाख ८६ हजार कापले आहेत, उरलेले ११ लाख ७४ हजार हवे असतील तर ‘पूर्ण व अंतिम’ अशा पत्रावर सही करा. शेवटची खेप जाऊन तोवर सात महिने झाले होते. शेजारच्या कारखानदारांनी पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याचा सल्ला दिला आहे. दादा म्हणतात की कोर्टकचेरीने बाजारात नाव जाते. आणि याच कंपनीने नवा आदेश देऊ केला आहे, तो घ्यावा का, असाही प्रश्न आहे.

नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली बाजू बळकट आहे, मात्र तिच्यात दोन जागा कच्च्या आहेत आणि त्यांपैकी एक भरून काढण्यासाठी आपल्याजवळ दिवस थोडे आहेत. म्हणून आपण विचारलेल्या क्रमाने न जाता आधी त्या दोन जागांबद्दल लिहितो.

धनादेश परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत धनादेश देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, असे परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ सांगते. त्यातले दहा दिवस गेले आहेत. नोटीस मिळाल्यावर कंपनीला पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते. या नोटिशीत मागणी फक्त तीन लाखांची, म्हणजे धनादेशावरच्या नेमक्या रकमेची करावी. सगळी उधारी एकाच नोटिशीत एकत्र मागण्याचा मोह होतो, पण धनादेशाची रक्कम वेगळी न दाखवता मोघम मागणी केलेल्या नोटिशी न्यायालयांनी अवैध ठरवल्या आहेत. कंपनीबरोबरच ज्यांनी सही केली त्यांना आणि कारभार पाहणाऱ्या संचालकांनाही नोटीस पाठवावी. ही तक्रार करण्यासाठी मुंबईला जावे लागणार नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या धनादेशाबाबतची तक्रार आपले खाते ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात चालते, आणि आपली शाखा इंदुरातच आहे. धनादेश त्याच्या तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा बँकेत भरता येतो हे खरे, पण ‘पुन्हा भरा, या वेळी नक्की वटेल’ अशा तोंडी आश्वासनावर विसंबून हे ३० दिवस जाऊ देऊ नका.

दुसरी कच्ची जागा आपल्या घरातली आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी न झालेल्या फर्मला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावता येत नाही. नोंदणी हवी ती दावा दाखल करण्याच्या दिवशी, आणि दावा करणाऱ्यांची नावे फर्म-निबंधकांच्या नोंदवहीत भागीदार म्हणून असली पाहिजेत. दावा आधी लावून नोंदणी मागाहून केली तर दोष सुटत नाही, तो दावा फेटाळला जातो आणि मुदत शिल्लक असेल तरच नव्याने लावता येतो. पुष्कळ कारखानदारांना वाटते की जीएसटीचा क्रमांक आहे, उद्यमचे प्रमाणपत्र आहे, बँकेत फर्मच्या नावाने खाते आहे, म्हणजे फर्म नोंदलेलीच आहे. ही नोंदणी त्या सगळ्यांहून वेगळी आहे आणि ती फर्म्स व संस्थांच्या निबंधकांकडेच होते. वडिलांच्या काळी सियागंजातले किंवा कापड बाजारातले व्यवहार शब्दावर चालत, त्यामुळे या कागदावाचून कोणाचे काही अडले नाही, आणि आपल्यासारख्या कित्येक कुटुंबांत ती गोष्ट तशीच राहून गेली. पुरवठा नोंदणीपूर्वीचा असला तरी आज नोंदणी करून त्यानंतर कार्यवाही सुरू केल्यास ही आडकाठी राहत नाही. दाव्याची मुदत साधारणपणे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची असते, म्हणून आपल्याला वेळ पुरेसा आहे. या आठवड्यातच अर्ज करा.

आता मालाच्या दर्जाविषयी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये आपल्यासारख्या पुरवठादारासाठी एक फार मोलाची तरतूद आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानले जाते आणि पैसे देण्याची मुदत तिथून मोजली जाते. मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम ४२ देखील त्याच दिशेचे आहे : वाजवी काळ उलटूनही नाकारल्याचे न कळवता माल ठेवून घेतला, किंवा आपल्याच मालकीचा असल्यासारखा वापरला, तर तो स्वीकारला असे धरतात. आपले खोके त्यांनी भरले, बाजारात पाठवले, आणि सात महिन्यांनी पैसे मागितल्यावर त्यांना खोक्यांची ताकद आठवली. हा क्रम जो कोणी तटस्थपणे पाहील त्याला तो बोलका वाटेल. तरीही एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. माल स्वीकारला म्हणून दर्जाची तक्रार कायमची मिटते असे नाही. मालविक्री अधिनियमाच्याच कलम ५९ प्रमाणे हमीचा भंग झाला असे म्हणून खरेदीदार किमतीत कपात मागू शकतो. पण त्यासाठी भंग झाला आणि त्यातून अमुक इतके नुकसान झाले, हे दोन्ही त्याला पुराव्याने सिद्ध करावे लागते. कोणत्या खेपेतले किती खोके फुटले, चाचणी कोणी व केव्हा केली, तो नमुना आज कुठे आहे, कोणत्या ग्राहकाने माल परत पाठवला, हे प्रश्न आपल्या उत्तरात लेखी विचारा. आपल्याकडे त्या खेपांच्या कागदाचे वजन आणि बर्स्टिंगची (पुठ्ठा किती दाबाला फाटतो याची) चाचणी यांच्या नोंदी असतील तर त्या आजच वेगळ्या काढून ठेवा. नसतील तर आता मागच्या तारखांच्या नोंदी कोणीही तयार करू नयेत. असा एक खोटा कागद खऱ्या नव्वद कागदांवरचा विश्वास घालवतो.

याच संदर्भात जीएसटीची विवरणे पाहून घ्यावीत. आपली बिले कंपनीने नोंदवून त्यांवरील कराचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतले असेल आणि त्या सात महिन्यांत एकही डेबिट नोट (कपात केल्याची लेखी चिठ्ठी) काढली नसेल, तर तक्रार मागाहून सुचलेली आहे हे दाखवायला तो चांगला आधार आहे. शिवाय पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेले क्रेडिट खरेदीदाराला परत करावे लागते, हे त्यांच्या हिशेबनिसांना ठाऊक असतेच. उशिरा दिलेल्या पैशांची वजावट आयकरात त्या वर्षी मिळत नाही, अशी सूक्ष्म आणि लघु उत्पादकांच्या हिताची तरतूदही २०२३ च्या वित्त अधिनियमाने केली. कंपनीला लिहिताना हे दोन्ही मुद्दे धमकीच्या सुरात न मांडता माहितीच्या सुरात मांडावेत.

उशिराच्या दंडाचे गणित मात्र मला त्यांच्याच अटीवर उभे राहताना दिसत नाही. दंड उशिरा आलेल्या मालावर, आठवड्याला अर्धा टक्का आहे. आपल्या चार खेपा आठ लाखांच्या आणि उशीर जास्तीत जास्त तीन आठवड्यांचा, म्हणजे दीड टक्का, म्हणजे फार तर १२ हजार रुपये. कंपनीने संपूर्ण थकबाकीवर कमाल दहा टक्के लावून १ लाख ८६ हजार कापले आहेत. दहा टक्के ही वरची मर्यादा आहे. ती सरसकट लावायची रक्कम नव्हे. त्यापुढे जाऊन, भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल सीमा असते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची हीच दिशा आहे. आणखी एक तरतूद त्याच करार अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. जिथे वेळ हा कराराचा गाभा असतो, तिथे उशिरा झालेली पूर्तता समोरच्याने स्वीकारली आणि स्वीकारताना ‘भरपाईचा हक्क राखून घेत आहोत’ असे कळवले नाही, तर त्या उशिरापोटी त्याला भरपाई मागता येत नाही. चारही खेपांच्या पोचपावत्या काढून त्यांवर असा काही शेरा आहे का ते पाहा. आपल्या पत्रावरून तो नसावा असे दिसते. समझोत्यात १२ हजार सोडावे लागले तर माझ्या मते सोडावेत. उशीर झाला होता, आणि तो मान्य केल्याने आपल्या बाकीच्या म्हणण्याला वजन येते.

आता दाद कुठे मागायची. वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ खालील दाव्यांसाठी किमान रकमेची मर्यादा २०१८ मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली, त्यामुळे आपला वाद त्या कायद्यात बसतो. पण दावा लावायचा तर खरेदी आदेशातील मुंबईच्या अटीचा प्रश्न येतो. तो आदेश मिळाल्यावर आपण माल पाठवला, म्हणजे वागणुकीने त्याच्या अटी मान्य केल्या, असे ते म्हणतील, आणि ते म्हणणे दुबळे नाही. अधिकार असलेल्या अनेक न्यायालयांपैकी एक करारात निवडलेले असेल तर इतर वगळली जातात, आणि त्यासाठी ‘फक्त’ हा शब्द लिहिलेला असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वस्तिक गॅसेस प्रकरणात २०१३ मध्ये सांगितले आहे. आपल्या बिलाच्या तळाशी ‘इंदूर न्यायक्षेत्र’ छापलेले आहे, पण माल गेल्यानंतर आपण एकतर्फी छापलेल्या ओळीवर मी फार भिस्त ठेवणार नाही.

म्हणून माझा सल्ला राज्य शासनाच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाण्याचा आहे. २००६ च्या अधिनियमाच्या कलम १८ नुसार, पुरवठादार ज्या परिषदेच्या हद्दीत आहे तिला, खरेदीदार भारतात कुठेही असला तरी, वाद हाताळण्याचा अधिकार आहे. कलम २४ प्रमाणे या तरतुदी विसंगत असलेल्या इतर कायद्यांवर मात करतात, आणि गुजरात राज्य नागरी पुरवठा महामंडळ विरुद्ध महाकाली फूड्स या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पक्षांमधील खासगी करारापेक्षा या तरतुदी वरचढ असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे मुंबईची अट इथे आडवी येऊ नये. अर्ज ऑनलाइन होतो. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर वाद लवादाकडे जातो आणि त्याचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात वेळ त्याहून बराच अधिक लागतो हे मनात धरून चला. मात्र निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला निवाड्याच्या रकमेपैकी ७५ टक्के आधी जमा करावे लागतात, आणि केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्यांना ही अट जड जाते.

व्याजाचा मुद्दाही इथेच आहे. ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर सहा टक्के असता तर हे व्याज अठरा टक्के झाले असते, यावरून अंदाज यावा. आपली मुदत ३० दिवसांची होती, म्हणून नऊही खेपांचे व्याज प्रत्येकीच्या एकतिसाव्या दिवसापासून वेगवेगळे काढून तक्ता करा. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची आहे हे आपले भाग्य. पुरवठा झाल्यानंतर नोंदणी करून मागील व्यवहारांसाठी हा लाभ घेता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ मध्ये घेतली होती, आणि तेव्हापासून हा प्रश्न खरेदीदारांचे वकील हमखास काढतात. त्याच निकालाप्रमाणे खरेदीदाराला परिषदेपुढे प्रतिदावाही करता येतो, म्हणून दर्जाबाबतच्या आपल्या उत्तराची तयारी तिथेही लागेल. काही कारणाने हा मार्ग बंद झाला आणि दावाच लावावा लागला, तर तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसल्यास आधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. पाटील ऑटोमेशन या २०२२ च्या निकालानंतर ती पायरी गाळता येत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पुढील सारा भार त्यांवर आहे. प्रत्येक खेपेसाठी एक पाकीट करा आणि त्यात खरेदी आदेश, बिल, ई-वे बिल, बिल्टी (वाहतूकदाराची पावती), शिक्का व सहीची पोच आणि त्या खेपेसंबंधीचे संदेश तारखेच्या क्रमाने लावा. तोंडी व व्हॉट्सॲपवर ठरलेल्या गोष्टींनाही करार म्हणून मान्यता मिळू शकते, परंतु ते संदेश पुराव्यात आणायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितली, आणि ते प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचे असले तरी व्यापाऱ्यांच्या फोनलाही तेच लागू होते. तेव्हा ज्या फोनवर हे बोलणे झाले तो विकू नका, त्यातील काही पुसू नका. आपल्या घरच्या खतावणीतील शेरे आणि भावाभावांमधील चिठ्ठ्या मराठीत असणार. आपल्या जिल्हा न्यायालयाचे काम हिंदीत चालते, म्हणून जे कागद दाखल करायचे त्यांचे भाषांतर वेळेवर करून घ्यावे.

पोलिसांत जाण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. फसवणुकीचा गुन्हा, जो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, तो सिद्ध होण्यासाठी व्यवहाराच्या सुरुवातीलाच पैसे न देण्याचा हेतू असावा लागतो. या कंपनीने आदेश दिला, माल घेतला, आणि मग रकमेवरून वाद काढला. हे कराराचे उल्लंघन आहे. दिवाणी वादाला फौजदारी रंग देण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नापसंती व्यक्त केली आहे. अशी तक्रार रद्द झाली तर तो निकाल ते तुमच्याच विरुद्ध सर्वत्र दाखवतील. धनादेशाची तक्रार ही वेगळी गोष्ट आहे, ती कायद्याने थेट दिलेली वाट आहे.

दादांच्या काळजीबद्दल मला आदर आहे, आणि भागीदार म्हणून त्यांची संमती व सही प्रत्येक टप्प्यावर लागणारच आहे. त्यांना हे सांगा की परिषदेची पहिली पायरी समेटाचीच आहे, आणि धनादेशाची नोटीस ही कायद्याने ठरवलेली रीत आहे, तिच्यात कोणाचा अपमान नाही. ११ लाख ७४ हजारांच्या ‘पूर्ण व अंतिम’ पत्रावर मात्र सही करू नका. करार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारता येते, आणि एकदा तशी स्वीकारली की उरलेल्या पैशांवरचा हक्क गेला. कंपनीला निर्विवाद वाटणारी रक्कम तिने विनाअट द्यावी आणि उरलेल्या वादाचे पुढे पाहू, असे उत्तर द्या. समेटाच्या बैठकीत माझ्या हिशेबाने मुद्दल १८ लाख ४८ हजारांपर्यंत राखावे आणि सोडायचेच झाले तर व्याजातून सोडावे. दर्जाबद्दल खराखुरा चाचणी अहवाल त्यांनी पुढे ठेवला तर तेवढ्या खेपेपुरता विचार जरूर करावा.

नव्या आदेशाचे म्हणाल तर तो आधी सबंध रक्कम आगाऊ मिळत असेल तरच घ्यावा. त्यातही एक काळजी घ्या. पैसे देताना देणेकऱ्याने ते कोणत्या बिलापोटी आहेत हे सांगितले तर त्याच बिलात जमा करावे लागतात. काही न सांगता दिले, आणि ते कशापोटी आहेत हे प्रसंगावरूनही उघड नसले, तर ते कोणत्या जुन्या येण्यात जमा करायचे हे आपण ठरवू शकता. म्हणून नव्या व्यवहाराचे खाते निराळे ठेवा, नव्या आदेशात माल तपासून हरकत घेण्याची मुदत, चाचणीची पद्धत आणि इंदूरचे न्यायालय या तीन अटी दोन्ही बाजूंच्या सहीने लिहून घ्या, आणि त्याच पत्रात एक ओळ अशी टाका की या व्यवहारामुळे मागील थकबाकीवरील आपला कोणताही हक्क कमी झालेला नाही. कंपनी या ओळीवर सही करायला तयार नसेल, तर नवा आदेश नाकारावा.